मोफत आणि मुक्त : खानदेशातली छत्री आणि तिचा डबा

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मावशीला घेऊन धुळ्याच्या आग्रा रोडवर गेलो होतो. मावशी अमळनेर तालुक्यात, पण धुळ्याच्या अंगाला असलेल्या एका गावात राहते. तिचा टीव्ही पंधरा दिवस बंद होता. टीव्ही धड होता, डबा गेला होता. दुकानदाराने काउंटरवर तीन डबे मांडले आणि विचारले, "टू पाहिजे का फोर?" मावशीने माझ्याकडे पाहिले. "भाऊ, कोनता डबा लेवाना?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर माझ्याकडे नव्हते. आयुष्यभर मास्तरकी केलेल्या माणसाला ही गोष्ट टोचते. त्यानंतर काही महिने मी या विषयाचा पाठपुरावा केला. दुकानांत, गच्च्यांवर, छत्र्या बसवणाऱ्या पोरांबरोबर आणि सरकारी निवेदनांत जे हाती लागले, ते इथे मांडतो. विषय साहित्याचा नाही हे मला कळते. पण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत ज्या घरी दिवाळी अंक पोचत नाही, त्या घरीही छपरावर छत्री असते. तिथे मराठी शब्द कोणत्या वाटेने जातो आणि ती वाट केव्हा बंद पडते, हे वाङ्मयाच्या वाचकाने जाणून घेण्यासारखे आहे.

आधी शब्दांचे बघू. आपल्याकडे डिश अँटेनाला छत्री म्हणतात आणि सेट टॉप बॉक्सला, म्हणजे रिसीव्हरला, डबा. छत्रीच्या पुढे दांडीवर जे बोंडासारखे यंत्र असते ते एलएनबी. या लेखात हेच शब्द वापरतो.

आभाळ खाली कसे आले

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. खानदेशाला त्याचा उपयोग नव्हता. दूरचित्रवाणीच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि मुंबई व तापीखोरे यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम थेट उतरवले गेले. त्यासाठी गावात सुमारे तीन मीटर व्यासाची जाळीची छत्री उभारत. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. शेजारचा मध्य प्रदेश होता, आपण नव्हतो.

आपल्याकडे चित्र आले ते ऐंशीच्या दशकात, इन्सॅट उपग्रहांच्या मागोमाग उभ्या राहिलेल्या लघुशक्ती प्रक्षेपकांमुळे. या प्रक्षेपकाचा पल्ला पंधरा-वीस किलोमीटरचा. शहराच्या आसपास ‘रामायण’, ‘महाभारत’ दिसे आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावर पडद्यावर मुंग्या दिसत. बांबूला अँटेना बांधून तो फिरवत बसणे हा तेव्हाचा रविवार सकाळचा उद्योग होता. नव्वदच्या दशकात केबलवाला आला. त्याने एक मोठी छत्री लावली आणि तारेने घरोघर चित्र दिले. पण तार ओढण्याइतकी घरे जवळजवळ असतील तिथेच त्याला परवडे. पाडे, वस्त्या, शेतातली घरे तारेच्या बाहेरच राहिली.

ती पोकळी भरली १६ डिसेंबर २००४ रोजी. त्या दिवशी तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ‘डीडी डायरेक्ट प्लस’ सुरू झाले. ३३ वाहिन्या, मासिक वर्गणी शून्य. हीच सेवा पुढे ‘डीडी फ्री डिश’ झाली. छत्री, डबा आणि केबल यांचा एकवेळचा खर्च साधारण दीड-दोन हजार रुपये, पुढे काही नाही. २०२२ च्या उद्योगक्षेत्राच्या अहवालातील अंदाजानुसार देशात सुमारे ४ कोटी ३० लाख घरांत ही छत्री होती. दरम्यान दूरदर्शनचे जुने जमिनीवरचे प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद होत गेले. मार्च २०२२ च्या अखेरीस मोजक्या मोक्याच्या ठिकाणांचे सोडून बाकीचे बंद करण्याचे ठरले होते. म्हणजे बांबूवरच्या अँटेनाला आता काही दिसत नाही. ज्याला वर्गणी भरायची नाही, त्याला छत्रीवाचून दुसरा रस्ता उरलेला नाही.

मोफत वेगळे, मुक्त वेगळे

दुकानात दोन्ही गोष्टींना ‘फ्री’ म्हणतात आणि तिथेच फसगत सुरू होते.

एखादी वाहिनी मोफत असते, म्हणजे तिच्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत. एखादी वाहिनी मुक्त असते, म्हणजे तिच्या संकेताला कुलूप नसते. तो कोणत्याही कंपनीच्या योग्य डब्याला उलगडता येतो. जी दोन्ही आहे ती खरी ‘फ्री टू एअर’. पण मोफत असूनही कुलूपबंद असे संकेत असू शकतात. पैसे नाहीत, पण किल्ली ठरावीक डब्यातच. प्रसार भारतीने भारतीय बनावटीची ‘आयकॅस’ ही प्रणाली फ्री डिशसाठी स्वीकारली आणि त्या प्रणालीचे अधिकृत डबे जाहीर केले, त्यामागे हीच कल्पना होती. वर्गणीच्या डीटीएच कंपन्यांचा डबा याच्याही पुढचा. तो त्या कंपनीचीच किल्ली ओळखतो. वर्गणी बंद केली किंवा कंपनी बदलली की डबा माळ्यावर जातो. एकाच डब्यावर कोणत्याही कंपनीची सेवा घेता यावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२० मध्ये केली होती. खानदेशातल्या माळ्यांवरची परिस्थिती अजून तीच आहे.

मग मोफत वाहिनीचे पैसे कोण देते? वाहिनी स्वतः देते. फ्री डिशवर जागा मर्यादित आहेत आणि खासगी वाहिन्यांसाठी त्यांचा ई-लिलाव होतो. बोली लावून जागा घेतलेली वाहिनी जाहिरातींतून पैसा काढते. म्हणजे आपण पैशाने नाही, पण नजरेने किंमत मोजतो. याचा एक परिणाम असा की कोणती वाहिनी दिसेल हे आपल्या हातात नाही. ते बोलीवर आणि मोठ्या कंपन्यांच्या हिशेबावर ठरते.

याचा अनुभव मावशीने घेतला आहे. वाहिन्यांच्या दरांचे नवे नियम आले आणि १ मार्च २०१९ ला झी अनमोल, स्टार उत्सव, सोनी पल यांसारख्या मोठ्या समूहांच्या वाहिन्या फ्री डिशवरून गेल्या. जून २०२० मध्ये त्या परतल्या. १ एप्रिल २०२२ ला पुन्हा गेल्या. मावशीला वाटले, डबा बिघडला. तिने गावातल्या पोराला शंभर रुपये देऊन छत्री हलवून घेतली. छत्री मुळात नीट होती, ती हलवल्यावर बिघडली.

डब्याची निवड करताना मुख्य मुद्दा मला इथेच सापडला. डबा आपण एकदा घेतो, पण आकाश बदलत राहते. तेव्हा आज किती वाहिन्या दिसतात यापेक्षा आकाश बदलल्यावर हा डबा आपल्याला कुणाच्या दारात उभे करणार, हे आधी विचारावे.

आकाश बदलते म्हणजे काय

हे बदल चार प्रकारचे असतात.

पहिला, उपग्रहच बदलतो. डायरेक्ट प्लस सुरुवातीला ९५ अंश पूर्वेच्या एनएसएस-६ वर होते. २००७ मध्ये इन्सॅट-४बी हा उपग्रह सोडल्यावर ते ९३.५ अंशांवर गेले. नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला जीसॅट-१५ हाही ९३.५ अंशांवरच असल्याने त्याच्यावर जाताना छत्र्या हलवाव्या लागल्या नाहीत. पहिल्या वेळी मात्र छत्री वळवावी लागली. अंतर दीड अंशाचे. साठ सेंटिमीटरच्या छत्रीची कड जेमतेम एक सेंटिमीटर सरकते, एवढेच.

दुसरा, वारंवारता बदलते. त्यावर उपाय म्हणजे डब्यात नवा शोध घेणे.

तिसरा, वाहिन्या जातात-येतात. उपाय तोच.

चौथा बदल सर्वांत महागडा. चित्र बांधण्याची पद्धत बदलते. दुकानदाराच्या ‘टू का फोर’चा अर्थ इथे आहे. चित्र जसेच्या तसे पाठवले तर उपग्रहावरची जागा पुरत नाही, म्हणून ते गणिताने आवळून पाठवतात. आवळण्याची जुनी रीत एमपीईजी-२, नवी एमपीईजी-४. नव्या रीतीत तेवढ्याच जागेत साधारण दुप्पट वाहिन्या मावतात. प्रक्षेपणाच्याही दोन पिढ्या आहेत, डीव्हीबी-एस आणि डीव्हीबी-एस२. एमपीईजी-२ चा डबा डीव्हीबी-एस२ चा संकेत पकडूच शकत नाही आणि जुन्या प्रक्षेपणातून एमपीईजी-४ चे चित्र आले तर आवाज येतो, पडदा काळा राहतो. एमपीईजी-४ चा डबा मात्र दोन्ही वाचतो. फ्री डिशवर आज दोन्ही पद्धती नांदतात. म्हणून ‘टू’ स्वस्त असला तरी आता तो घेऊ नये. थोडे पैसे वाचतात आणि निम्मे आकाश हातचे जाते.

हे निम्मे आकाश कोणते, तेही सांगतो. उच्च शिक्षणासाठीच्या ‘स्वयंप्रभा’ वाहिन्या ९ जुलै २०१७ पासून जीसॅट-१५ वरूनच येतात. शाळकरी मुलांसाठी २०२० मध्ये ‘पीएम ई-विद्या’च्या वाहिन्या सुरू झाल्या. यांपैकी पुष्कळ वाहिन्यांना एमपीईजी-४ चा डबा लागतो. छत्री तीच, उपग्रह तोच, फरक फक्त डब्याचा. टाळेबंदीत शाळा बंद असताना २० जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांची मालिका सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. स्मार्टफोन नसलेल्या घरातल्या मुलासाठी ती चांगली सोय होती. पण ज्याच्या घरी डबा बंद, त्याची शाळाही बंद. त्या वेळी नादुरुस्त डब्याची किंमत रुपयांत मोजून भागत नव्हते.

डबा हातात घेतल्यावर

आता प्रत्यक्ष खरेदी. जळगावचे गोलाणी मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, डब्याच्या पुठ्ठ्यावर वाहिन्यांची मोठी संख्या छापलेली असते. ती वाचू नये. वाहिन्या आकाशात असतात, डब्यात नसतात. पाहायचे ते पुढीलप्रमाणे.

पुठ्ठ्यावर एमपीईजी-४ आणि डीव्हीबी-एस२ हे दोन्ही शब्द हवेत. एकच असेल तर विचारावे.

दुकानात डबा चालू करून मेन्यूत जावे. नवी वारंवारता आपल्याला हाताने भरता येते का, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. काही डब्यांत ‘ब्लाइंड सर्च’ असतो. त्याला काही सांगावे लागत नाही, तो सगळे आकाश धुंडाळून मिळेल ते आणतो. काही डब्यांत मात्र वारंवारता कारखान्यातच पक्क्या केलेल्या असतात. असा डबा पहिल्या बदलापर्यंत उत्तम चालतो आणि मग दुकानाची पायरी चढायला लावतो.

मागच्या बाजूची भोके पाहावीत. नव्या टीव्हीला एचडीएमआय लागते, जुन्या पेटीच्या टीव्हीला लाल-पांढरी-पिवळी तार. गावात जुने टीव्ही पुष्कळ आहेत. आज जुना असलेला टीव्ही दोन वर्षांनी बदलेल, म्हणून दोन्ही असलेला डबा बरा.

वीज हा आपल्याकडचा खास मुद्दा. डब्याला वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर असेल तर तो खराब झाल्यावर बाजारात लगेच मिळतो. शेतातल्या घरी किंवा पाड्यावर सौरपॅनल-बॅटरी असेल, तर त्या १२ व्होल्टवरही डबा चालवता येतो. त्याआधी अडॅप्टरवर छापलेला आकडा मात्र वाचावा. काही डबे ५ व्होल्टवर चालतात आणि त्यांना १२ दिले तर ते जळतात.

सेट टॉप बॉक्स ही वस्तू २०१२ च्या केंद्रीय आदेशानुसार सक्तीच्या नोंदणीत येते. डब्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो नसलेला डबा स्वस्त पडतो, पण तो रात्रंदिवस विजेला जोडलेला राहणार आहे हे विसरू नये. पक्के बिल घ्यावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. डबा टीव्हीच्या मागे कोंडून, वर विणलेला रुमाल घालून ठेवला तर चांगल्यातला चांगला डबाही दोन उन्हाळे काढत नाही.

नवा टीव्हीच घ्यायचा असेल तर आणखी एक पर्याय आहे. उपग्रहाचा ट्यूनर आतच बसवलेल्या टीव्हीसाठी मानक ब्यूरोने आयएस १८११२ : २०२२ हे मानक जाहीर केले आहे. असा टीव्ही मिळाला तर मोफत वाहिन्यांसाठी वेगळ्या डब्याची गरज नाही. छत्रीची केबल थेट टीव्हीला लागते.

शेवटची गोष्ट, लोभाची. "हा डबा घ्या, वर्षभर सगळ्या पेड वाहिन्या फुकट" असे कोणी सांगितले तर तिथून निघावे. अशा डब्यात इंटरनेटवरून दुसऱ्याची किल्ली चोरून आणलेली असते. ते बेकायदा आहे आणि कंपनीने कुलूप बदलले की सगळे बंद पडते. तक्रार करायलाही तोंड राहत नाही.

क्रिकेटसाठी त्या वाटेला जायची गरज नाही, हेही सांगून ठेवतो. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा संकेत प्रसार भारतीला दिलाच पाहिजे, असा २००७ चा कायदा आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की तो संकेत दूरदर्शनच्या जमिनीवरील प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवता येईल, खासगी केबल-डीटीएचवर नाही. त्यामुळे असे काही सामने वर्गणी भरणाऱ्याच्या दूरदर्शन वाहिनीवर दिसत नाहीत, पण पाड्यावरच्या छत्रीत दिसतात.

छत्री आग्नेयेकडे

डबा कितीही चांगला असला तरी छत्री चुकली तर उपयोग नाही. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो आणि पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला तो एकाच जागी दिसतो. ९३.५ अंश पूर्वेचा उपग्रह जळगावातून पाहिला तर उत्तरेपासून उजवीकडे मोजत सुमारे १३८ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ५८ अंश उंच आहे. धुळ्यातून तो साधारण १३६ अंशांवर आणि साडेसत्तावन्न अंश उंच. म्हणजे दोन्हीकडून जवळजवळ बरोबर आग्नेय. जुन्या घरांत चूल ज्या दिशेला असते, तीच ही दिशा.

इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. उपग्रह ५८ अंश उंच असताना छत्री तेवढी आकाशाकडे वळलेली दिसत नाही. ती बरीच उभी दिसते. याचे कारण एलएनबी छत्रीच्या मध्यासमोर नसतो, खालच्या बाजूला असतो. छत्रीची बनावटच तिरकी असते, साधारण वीस ते पंचवीस अंशांची. म्हणून डोळ्यांच्या अंदाजाने छत्री आणखी वर उचलू नये. मोबाइलवरच्या होकायंत्राने दिशा घ्यावी, पण लोखंडी खांबापासून चार पावले दूर उभे राहून. मग डब्याच्या पडद्यावर संकेताची पट्टी पाहत छत्री केसाकेसाने हलवावी. पट्टीवर दोन आकडे असतात. ‘ताकद’ भरपूर आणि ‘दर्जा’ शून्य असेल तर आपण शेजारचा उपग्रह धरला आहे. ९५ अंशांवर वर्गणीवाल्यांचा उपग्रह आहे आणि छत्री अनेकदा त्याच्यावरच अडकते. शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत थोडा फिरवून दर्जा सर्वांत जास्त येईल तिथे घट्ट करावा.

समोर झाड किंवा शेजाऱ्याची भिंत आड येते का, हे ओळखण्याची एक पद्धत मला गणित करताना सापडली आणि ती फुकट आहे. गांधीजयंतीच्या आसपास सकाळी पावणेअकरा ते अकराच्या दरम्यान आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून सूर्य नेमका या उपग्रहाच्या जागी दिसतो. वसंतात हेच ११ मार्चच्या आसपास सव्वाअकराच्या सुमारास घडते. त्या वेळी छत्रीच्या जागेवर स्वच्छ ऊन असेल तर वाट मोकळी आहे. निंबाची सावली असेल तर फांदी छाटावी किंवा जागा बदलावी. छत्री नीट लागलेली असेल तर तिच्यावरून परतलेल्या उन्हाचा उजेड एलएनबीच्या तोंडावर पडतो. याच दिवसांत काही मिनिटे चित्र अडखळू शकते, कारण उपग्रहामागून सूर्य स्वतःचा गोंगाट छत्रीत ओततो. तो बिघाड नाही. पोराला शंभर रुपये देऊ नयेत.

पावसाचेही तसेच. या सेवेच्या लहरींची लांबी सुमारे अडीच-तीन सेंटिमीटर असते आणि जोराचा पाऊस त्यांना शोषून घेतो. ढग फुटल्यासारखा पाऊस आला की चित्राचे चौकोन होतात, पाऊस ओसरला की चित्र परत येते. आपल्याकडे साठ सेंटिमीटरची छत्री पुरते. पंचाहत्तरची घेतली तर तिचे क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होते आणि पावसात थोडा जास्त वेळ टिकाव लागतो. पण मोठी छत्री वाराही जास्त धरते. रावेर-यावलकडे मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात, तिथे भिंतीला चार बोल्टांनी पक्की बसवलेली लहान छत्रीच बरी.

चित्र अधूनमधून जाण्याचे खरे कारण पुष्कळदा केबलच्या टोकाशी असते. डबा याच केबलमधून एलएनबीला वीज पाठवतो, एका प्रकारच्या लहरींसाठी १३ व्होल्ट, दुसऱ्यासाठी १८. जोडात पावसाचे पाणी शिरले, तांबे हिरवे पडले की निम्म्याच वाहिन्या दिसतात आणि माणूस डब्याला दोष देतो. म्हणून जोडावर टेप गुंडाळावी आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्यावा. पाणी तिथूनच गळून जाते.

डब्यात नसलेले

सगळे नीट जुळवल्यावर काय दिसते? सह्याद्री दिसते. १९९४ मध्ये डीडी-१० म्हणून सुरू झालेली ही वाहिनी २००० साली सह्याद्री झाली आणि लिलावाची टांगती तलवार तिच्यावर नसल्याने ती जागेवरून हललेली नाही. फक्त मराठी, शेमारू मराठीबाणा यांसारख्या खासगी मराठी वाहिन्याही वेळोवेळी फ्री डिशवर आल्या. मात्र त्यांना जागा बोलीनेच घ्यावी लागते आणि बोली लावणाऱ्यांत हिंदी आणि भोजपुरीही असतात. अहिराणी मात्र आकाशात नाही. अहिराणीची गाणी, विनोद आणि नाटुकली मोबाइलच्या पडद्यावर दिसतात. ज्या भाषेत मावशी दुकानात प्रश्न विचारते, त्या भाषेत तिचा डबा तिला उत्तर देत नाही. हा दोष डब्याचा नाही आणि तो खरेदीने सुटणाराही नाही. ज्यांना भाषेची काळजी आहे त्यांनी यावर बोलले पाहिजे.

त्या दिवशी आम्ही ‘फोर’ घेतला. दुकानदाराला हाताने वारंवारता भरून दाखवायला लावली. तो जरा वैतागला, पण त्याने दाखवली. मावशीच्या सातवीतल्या नातवाने ती वहीत लिहून घेतली आणि तो कागद डब्याच्या खाली चिकटवला. एप्रिलमध्ये वाहिन्यांची जागा बदलली तेव्हा मावशीचा फोन आला. मी गावी निघायच्या तयारीत होतो. ती म्हणाली, "येऊ नको. पोऱ्यानं केलं."